दोष आणि दोषी

मराठीत ‘दोष’ हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी चालतो. वस्तूच्या ठिकाणचे वैगुण्य म्हणजे दोष. आणि माणसाच्या माथी येणारा ठपका, तोही दोषच. ‘यंत्रात दोष आहे’ असे आपण म्हणतो आणि लगेच ‘दोष कोणाचा?’ असे विचारतो. पहिले विधान पदार्थाविषयी आहे, दुसरा प्रश्न माणसाविषयी. पण शब्द एकच असल्यामुळे मन एकावरून दुसऱ्यावर केव्हा घसरते हे कळतही नाही. वैगुण्य शोधणे हे एक काम आहे, ठपका ठेवणे हे दुसरे. आणि पहिले पुरे झाल्यावाचून दुसऱ्यास हात घालण्याचा अधिकार कोणासही नाही, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. सांगणारा या बाबतीत निर्दोष नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. वीस वर्षे न्यायालयात ‘आधी शाबीत करा, मग बोला’ असे प्रतिपक्षास सुनावणाऱ्या आम्हांस हा धडा एका मूठभर डबीच्या पायी शिकावा लागला.

अंत्रूज महालातील एका लहानशा देवस्थानाच्या कमिटीवर आम्ही काही वर्षे आहोत. दर सोमवारी पालखी निघते, आणि तिच्या आधी चौकात भजन होते. पूर्वी भजनाला लाकडी तंबोरा असे. तो छेडणारे वृद्ध गृहस्थ निवर्तले, आणि खुंट्या पिळून सूर लावण्याइतका कान व सवड असलेले कोणी उरले नाही. तेव्हा विजेवर चालणारा तंबोरा घेण्यात आला. एक आटोपशीर पेटी, तिच्यात ध्वनिवर्धक, आणि भिंतीतल्या विजेशी तिला जोडणारा एक अडॅप्टर, असा त्याचा सगळा संसार. सतरंज्या अंथरणे, पेटी-मृदंग आणून ठेवणे आणि भजन संपल्यावर सारे पुन्हा कपाटात लावणे हे काम एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा करी. देवळातल्या समया घासणाऱ्या बाईंचा तो नातू. कपाटाची किल्ली त्याच्याकडे असे, आणि त्या किल्लीचा त्याला अभिमान होता.

एका श्रावणातल्या सोमवारी, चौक माणसांनी भरलेला असताना, तंबोऱ्याच्या सुराखाली एक जाडीभरडी गुरगुर सुरू झाली. बुवांनी खूण केली म्हणून आवाज वाढविला, तो तंबोरा मुकाच झाला. पुन्हा सुरू केला, क्षणभर वाजला, पुन्हा मुका. भजन त्या दिवशी पेटीच्या आधाराने कसेबसे पार पडले. पुढच्या सोमवारी तोच प्रकार. तिसऱ्या सोमवारी तंबोरा कोणी बाहेर काढलाच नाही, आणि त्याच रात्री कमिटीची बैठक बसली.

बैठकीत एका सभासदांनी आपले मापनयंत्र आणले होते. त्यांना विजेच्या कामाची थोडी माहिती आहे. अडॅप्टरच्या पाठीवर ‘१२ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर’ असे छापलेले होते. त्यांनी तो भिंतीत खोचला, तारेच्या टोकाशी मापनयंत्राच्या सुया टेकविल्या, आणि आकडा सोळाच्या वर गेला. ‘बारा पाहिजेत, सोळा आहेत; अडॅप्टर खणखणीत आहे,’ असा त्यांनी निर्वाळा दिला. अडॅप्टर निर्दोष ठरला, त्या अर्थी तंबोरा सदोष. आणि तंबोरा तर बंद कपाटात असतो, त्या अर्थी कोणाच्या तरी हातून तो पडला असला पाहिजे. आणि त्याला हात लावणारा तर एकच आहे. तीन पावलांत आम्ही विजेच्या तारेवरून एका मुलापाशी येऊन पोहोचलो.

त्याला बोलावण्यात आले. प्रश्न विचारण्याचे काम साहजिकच आमच्याकडे आले. तो दाराच्या चौकटीपाशी उभा राहिला आणि त्याने सांगण्यास सुरुवात केली: “वकीलबाब, ल्हान आवाजार वाजता, व्हड केलो काय बंद पडटा.” आम्ही त्यास तेथेच थांबविले. “तुवें हात लायिल्लो काय ना, तितलेंच सांग,” असे आम्ही म्हणालो. ‘होय की नाही’ एवढ्यावर साक्षीदारास बांधून घालण्याची ही हातोटी उलटतपासणीत फार उपयोगी पडते. तो “हय” म्हणाला. यापुढे त्याला कोणी काही विचारले नाही, आणि त्यानेही काही सांगितले नाही. किल्ली काढून घ्यावी असे ठरले. नव्या तंबोऱ्यासाठी महाजनांकडे शब्द टाकावा असेही ठरले. तो पडला असावा, असे आम्ही कोणी ठरावात लिहिले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फुले आणणाऱ्यापासून प्रसाद घेणाऱ्यापर्यंत सर्वांस ते ठाऊक झाले होते.

पुढचा भाग थोडक्यात सांगण्यासारखा आहे. नवा तंबोरा घेण्यापूर्वी जुन्याचे काही होते का पाहावे म्हणून आम्ही तो बाजारातल्या एका वृद्ध दुरुस्ती-कारागिराकडे नेला. त्यांनी तंबोऱ्याला हातही लावला नाही. आधी विचारले, नेमके काय होते? आम्ही सांगू लागलो: गुरगुर होते, आवाज वाढविला की बंद पडतो. सांगता सांगता आमच्या ध्यानी आले की हे शब्द आमचे नव्हेत. ते त्या मुलाचे आहेत. कारागिरांनी मान हलविली, आणि ‘तंबोरा नको, अडॅप्टर द्या’ म्हणाले.

मापनयंत्रावर त्यांनाही सोळाच दिसले. मग त्यांनी खणातून स्कूटरचा एक छोटा दिवा काढला, १२ व्होल्टांचा, ५ वॅटचा, आणि तो अडॅप्टरच्या टोकांस जोडला. दिवा मंद तांबूस पेटला आणि आकडा धाडकन नवाच्या आसपास उतरला. तोच दिवा त्यांनी दुसऱ्या, चांगल्या अडॅप्टरला जोडून दाखविला. तेथेही दिव्यावाचून सोळा दिसत होते, पण दिवा लावल्यावर बारावर काटा स्थिर राहिला. “वजें घातले बगर कांय कळना,” एवढेच ते म्हणाले. मग अडॅप्टरवरचे ध्रुवाचे चिन्ह तंबोऱ्यावरच्या चिन्हाशी ताडून, व्होल्ट तेच आहेत, अँपिअर कमी नाहीत आणि खोचायचे टोक त्याच मापाचे आहे याची खात्री करून, त्यांनी चांगला अडॅप्टर तंबोऱ्याला लावला. आवाज पुरता वाढविला. तंबोरा गंभीर, स्वच्छ, अखंड वाजू लागला. त्याला काहीही झालेले नव्हते.

हे असे का व्हावे, ते त्यांनी आम्हांस समजावून दिले. आणि ते वाचकांनीही समजून घ्यावे, कारण त्या समजण्यातच आमच्या प्रश्नाचे मर्म आहे. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टांची आणि प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदास ५० वेळा पुढे-मागे होणारी. जुन्या धर्तीच्या जड अडॅप्टरात प्रथम एक लहान रोहित्र तिचा दाब सुमारे १२ व्होल्टांवर उतरविते. मग चार डायोड तिला एकाच दिशेने वाहावयास लावतात. पण ती वीज सलग नसते, सेकंदास १०० उंचवटे आणि १०० खळगे अशी असते. हे खळगे भरून काढण्याचे काम कपॅसिटर करतो. तो एखाद्या टाकीसारखा आहे: उंचवट्याच्या वेळी भरून घेतो, खळग्याच्या वेळी देतो. त्याच्या पोटात अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या मध्ये रसायनात भिजविलेला कागद असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते रसायन सुकत जाते. उष्णता १० अंशांनी वाढली तर त्याचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. रसायन सुकले म्हणजे टाकी आटली. मग खळगे उघडे पडतात, आणि सेकंदास १०० हिसक्यांची तीच गुरगुर तंबोऱ्यातून ऐकू येते.

आता मापनयंत्र का फसले? १२ व्होल्टांच्या प्रत्यावर्ती विजेचे शिखर सुमारे १७ व्होल्टांचे असते. कोणी वीज मागतच नसेल तर आटलेली टाकीसुद्धा त्या शिखरापर्यंत भरून राहते. डायोडांत थोडे खर्ची पडूनही आकडा भरघोस दिसतो. आवाज लहान असताना मागणी थोडी, म्हणून तंबोरा वाजतो. आवाज वाढविला की मागणी वाढते, टाकी पुरत नाही, दाब कोसळतो आणि तंबोरा बंद पडतो. म्हणजे ‘ल्हान आवाजार वाजता, व्हड केलो काय बंद पडटा’ या एका वाक्यात रोगाचे संपूर्ण निदान होते. ते वाक्य बोलणाऱ्याला विजेचे शास्त्र ठाऊक नव्हते. पण रोज हाताळणाऱ्याची नजर त्याला होती. आमच्याजवळ मापनयंत्र होते, अनुभव होता, कायद्याची पदवी होती. फक्त ऐकून घेण्याची इच्छा नव्हती.

आमच्या न्यायशास्त्रकारांनी कारण कशास म्हणावे याचा फार बारीक विचार केलेला आहे. घट कशामुळे झाला? माती, चाक, दंड, कुंभार ही कारणे. पण माती वाहून आणणारे गाढवही तेथे होतेच की! घटाच्या आधी ते हजर होते, त्याच्यावाचून त्या दिवशी माती आलीही नसती. तरी शास्त्रकार म्हणतात, गाढव हे घटाचे कारण नव्हे, ते अन्यथासिद्ध. कारण गाढव नसतानाही, माती दुसऱ्या कोणी आणली असता, घट होतोच. आधी हजर असणे म्हणजे कारण असणे नव्हे. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे कोणी म्हणू नये, याचसाठी काकतालीय न्याय सांगितला आहे. तो मुलगा तंबोऱ्याच्या जवळ होता, रोज होता, शेवटचा हात त्याचाच होता. हे सारे खरे. पण ते घटाजवळच्या गाढवाचे खरेपण होते.

खरे कारण ओळखावयाचे तर अन्वय आणि व्यतिरेक ही दोन साधने. ते असताना कार्य होते, आणि ते नसताना होत नाही, असे दोन्ही बाजूंनी पाहावे. कारागिरांनी वेगळे काय केले? सर्व गोष्टी तशाच ठेवून एकच गोष्ट बदलली. तंबोरा तोच, भिंतीतली वीज तीच. अडॅप्टर मात्र दुसरा. दोष गेला. पुन्हा जुना लावला, दोष आला. पंधरा मिनिटांत निकाल लागला. कोणतेही विजेचे उपकरण बंद पडले की हाच क्रम धरावा, असे त्यांनी आम्हांस सांगितले: प्रथम भिंतीतल्या जागेत वीज आहे की नाही हे दुसरा दिवा लावून पाहावे; मग तार, विशेषतः जेथे ती डबीतून किंवा टोकातून बाहेर पडते तो सतत वाकणारा भाग; मग अडॅप्टर, आणि तोही भार देऊन; आणि सर्वांत शेवटी उपकरण. जे स्वस्त आणि परत घेण्यासारखे ते आधी तपासावे, जे महाग ते मागून. डबी मात्र घरी फोडून पाहू नये, तिच्यात २३० व्होल्ट खेळत असतात. हा क्रम ऐकताना आमच्या मनात आले की या यादीत माणूस कोठेच नाही. आम्ही मात्र आरंभच माणसापासून केला होता. आणि माणूस ही तर सर्वांत महाग, व एकदा बिघडली म्हणजे सहसा न सांधणारी वस्तू.

चवथीच्या दिवशी चंद्र पाहू नये, पाहिल्यास खोटा आळ येतो, आणि त्यावर स्यमंतक मण्याची कथा ऐकावी, हे आपल्या घराघरांत लहानपणापासून सांगितले जाते. ती कथा भागवताच्या दशम स्कंधात आहे. आम्ही ती शेकडो वेळा ऐकली होती. पण ती दोष शोधण्याची कथा आहे हे या प्रसंगानंतर आमच्या ध्यानात आले. सत्राजिताचा भाऊ प्रसेन मणी गळ्यात घालून शिकारीस गेला आणि परतला नाही. मणी श्रीकृष्णाने पूर्वी उग्रसेनासाठी मागितला होता. सत्राजिताने तो दिला नव्हता. तेव्हा हेतू आयताच सापडला, आणि कुजबूज द्वारकाभर पसरली. यावर भगवंतांनी काय केले? रागावून शपथा घातल्या नाहीत. सत्राजितावर उलट आरोप केला नाही. नगरजनांस साक्षीला घेऊन ते अरण्यात गेले आणि माग काढू लागले. मारला गेलेला प्रसेन आणि त्याचा घोडा सापडला. तेथून सिंहाचा माग लागला. पुढे सिंहही मेलेला आढळला. तेथून जांबवंताची गुहा. एकेक दुवा पाहत, कोठेही उडी न घेता, ते शेवटच्या दुव्यापर्यंत गेले. गुहेत अठ्ठावीस दिवस झुंज झाली. बाहेर थांबलेले लोक बारा दिवसांनी कंटाळून परत गेले. सत्य शोधण्याचा कंटाळा लोकांना इतक्या लवकर येतो!

आणि कथेचा शेवट त्याहून महत्त्वाचा. मणी हाती आल्यावर श्रीकृष्णांनी तो सत्राजिताच्या घरी गुपचूप पोहोचता केला नाही. राजसभेत, सर्वांच्या समक्ष, तो कसा मिळाला हे सांगून परत दिला. आळ चारचौघांत आला होता, म्हणून तो चारचौघांतच फिटला पाहिजे. साक्षात भगवंतांनाही ज्या गोष्टीची आवश्यकता वाटली, ती समया घासणाऱ्या बाईच्या नातवाला वाटू नये असे म्हणण्याचा आम्हांस काय अधिकार?

आमच्या व्यवसायातही हे तत्त्व नवे नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे, की जो एखादी गोष्ट घडली असे म्हणतो त्यानेच ती शाबीत करावी. हणमंत गोविंद नरगुंदकर यांच्या १९५२ मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की परिस्थितिजन्य पुराव्यात तर्क आणि संशय हे पुराव्याची जागा बळकावून बसण्याचा धोका नेहमी असतो. १९८४ मध्ये शरद बिरदीचंद सारडा यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने अशा पुराव्याच्या पाच कसोट्या सांगून त्यांस पंचशील म्हटले. साखळी पुरी असावी, आरोपीच्या निर्दोषपणाशी जुळणारी दुसरी कोणतीही उपपत्ती शिल्लक राहू नये, आणि ‘दोषी असू शकेल’ व ‘दोषी असलाच पाहिजे’ यांतले अंतर विसरू नये, असा त्यांचा आशय. हे निवाडे आम्ही आमच्या अशिलांसाठी न्यायाधीशांपुढे आवेशाने वाचलेले आहेत. देवळाच्या ओसरीवर, जेथे आमच्या शब्दाला न्यायाधीशाचे वजन आले होते, तेथे त्यांतला एकही आम्हांस आठवला नाही. कायदा आम्ही न्यायालयाच्या दारात जोड्यांबरोबर काढून ठेवीत होतो असे दिसते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. कोणी म्हणेल, ‘संस्था चालवावयाची म्हणजे रोज फौजदारी खटला चालविता येत नाही. वस्तू मोडतात, कोणी तरी जबाबदार धरावाच लागतो. नाही तर निष्काळजीपणास ऊत येईल. आणि किल्ली काढून घेणे म्हणजे काही तुरुंगवास नव्हे.’ यातले पहिले म्हणणे आम्हांस मान्य आहे. निष्काळजी माणसे असतात, आणि त्यांना जाब विचारलाच पाहिजे. प्रत्येक घरगुती तंट्यास ‘निःसंशय’ पुराव्याची अट घालणे शक्य नाही. पण पुराव्याची पातळी कितीही खाली आणली तरी दोन गोष्टी राहतातच. ज्याच्यावर ठपका यावयाचा त्याचे म्हणणे पुरते ऐकून घेणे, ही पहिली. आणि तपासणी जितकी सोपी, तितका ती न करण्याचा दोष मोठा, ही दुसरी. पर्वत ओलांडून सत्य आणावयाचे असते तर आम्हांस क्षमा होती; पण ते बाजारात, पंधरा मिनिटांच्या अंतरावर, पाच वॅटच्या दिव्यात होते.

दुसरे म्हणणे मात्र मान्य नाही. शिक्षेची लहानमोठी मोजणी देणाऱ्याच्या मापाने करावयाची नसते. आमच्या दृष्टीने ती पितळेची एक किल्ली होती. त्या मुलाच्या दृष्टीने देवाच्या दारात आपल्यावर कोणी विश्वास टाकला आहे याची ती खूण होती. बैठकीनंतर तो देवळात येईनासा झाला. आजी येत राहिली. तिने आम्हांस एका शब्दाने काही विचारले नाही. समया तेवढ्याच लखलखीत घासल्या जात होत्या, पण आम्ही ओसरीवर बसलो असता ती पूर्वीसारखी वाटेने जाईना, पाठीमागून वळसा घेऊन जाई. आम्ही ते पाहत होतो, आणि अपराध्यांच्या घरच्या माणसांना लाज वाटणे साहजिकच आहे, असा त्याचा अर्थ लावीत होतो.

आता अडॅप्टर कशाने बिघडला, तेही सांगितले पाहिजे. कारागिरांनी विचारले, हा कोठे ठेवलेला असतो? बंद लाकडी कपाटात, आतल्याच जागेत कायमचा खोचलेला, आणि बटण रात्रंदिवस चालू. म्हणजे तंबोरा आठवड्यातून दोन तास वाजत असे. पण अडॅप्टर आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास, वारा न लागणाऱ्या जागी तापत असे. असे का? पोरांनी रोज तार ओढाताण करून तोडू नये म्हणून तो तेथून काढू नये, अशी सूचना पाच वर्षांपूर्वी झाली होती, आणि ती कमिटीच्या वहीत नोंदलेली आहे. सूचना आमची होती. हेतू चांगला होता. पण पदार्थाचे धर्म सूचना करणाऱ्याचा हेतू पाहत नाहीत. माग काढत गेलो तो शेवटचा दुवा आमच्याच दारी येऊन थांबला.

तरीही, ‘मग दोषी आम्हीच’ असे म्हणून छाती पिटून घेणे हाही एक सोपा मार्ग आहे, आणि त्यातही थोडा अहंकार असतो. कपॅसिटर एक ना एक दिवस सुकावयाचाच. आमच्या सूचनेने तो लवकर सुकला इतकेच. त्या बिघाडात कोणाचाही अपराध नव्हता. दोष होता, दोषी नव्हता. हे वाक्य मनास पटविणे फार कठीण जाते. काही बिघडले की त्याच्या मागे कोणाचा तरी हात असलाच पाहिजे, असे वाटत राहते. निर्जीव वस्तूवर रागावता येत नाही, म्हणून आपण सजीव शोधतो. आणि शोधताना जो उलटून बोलणार नाही अशाकडेच नजर जाते. मापनयंत्र आणणारे सभासदही त्या कपाटाला हात लावीत असत. बुवाही आवाज कमीजास्त करीत असत. त्यांच्याकडे संशयाची सुई का वळली नाही, हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला, आणि त्याचे उत्तर आम्हांस ठाऊक होते. आमचा खरा अपराध हा. तो अडॅप्टरात नव्हता, ओसरीवरच्या बैठकीत होता.

पुढच्या सोमवारी, भजनाला आरंभ होण्यापूर्वी, आम्ही चौकात उभे राहिलो आणि झाले ते सर्व सांगितले: दोष कोठे होता, तो मुलाने पहिल्याच दिवशी कसा सांगितला होता, आणि आम्ही त्यास बोलू दिले नाही. वकिलास बोलण्याची सवय असते. पण ती पाच मिनिटे आम्हांस एखाद्या लांबलेल्या युक्तिवादाहून जड गेली. खालच्या मानेने मणी घेणाऱ्या सत्राजिताची अवस्था त्या वेळी कळली. आजी दीपमाळेपाशी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली. मुलगा तेथे नव्हता. तोवर तो बाजारात एका दुकानी कामास लागला होता.

आम्ही त्याच्याकडे गेलो, किल्ली पुढे केली. त्याने ती घेतली नाही. रागाने नव्हे, सोमवारी दुकान लवकर सुटत नाही, असे त्याने सांगितले. मग विचारले, तंबोरा आता मोठ्या आवाजात वाजतो का? वाजतो म्हटल्यावर त्याला आनंद झाला, तो त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसला. एकादशीला येतो, म्हणाला, आणि येतो. पण किल्ली अजून आमच्याच घरी खुंटीला आहे.

नवा अडॅप्टर काही शे रुपयांत आला. भजन संपले की तो भिंतीतून काढून ठेवण्याचा नियम आता वहीत लिहिला आहे. त्याच पानावर कमिटीने आणखी एक ठराव एकमताने नोंदविला: देवस्थानातील कोणतीही वस्तू बिघडल्यास प्रथम ती वस्तू तपासावी, ती हाताळणाऱ्याचे म्हणणे पुरते ऐकावे, आणि मगच कोणाविषयी काही बोलावे. ठरावाचा मसुदा आमचा आहे. कायद्याच्या दृष्टीने तो फारसा रेखीव उतरलेला नाही. पण त्यातला प्रत्येक शब्द आम्हांस कोठून मिळाला, हे आम्हांस पक्के ठाऊक आहे.